सुनेची ओळ

मुलचेरा
८ जुलै २०२४

चि. दिव्यानीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

हातात फोन असताना हा माणूस टपाल का धाडतो, असं तू म्हणशील. फोनवर मी तापलो की तुझी लाइन नेमकी तेव्हाच जाते. कागद मला शेवटपर्यंत बोलू देतो.

तुझ्या रंभामावशीवर फौजदारी झाली आहे. सावली तालुक्याच्या कोर्टाचं समन्स घेऊन माणूस ढिवरटोलीत आला, तेव्हा ती तलावात मासोळीचं बी सोडत होती. तिनं ते ओल्या हातानंच घेतलं. फिर्याद डोमाची. पहिला नवरा जिवंत, त्याच्याशी लग्न कायम, तरी हिनं गोपालशी दुसरं लग्न लावलं, असा आरोप. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

आता या डोमाची स्मरणशक्ती बघ. २०१८ साली यानंच पंचांत बसून हिला काडीमोड दिली. २०२० साली तिचा गोपालशी पाट लागला, तेव्हा हा गावातच होता. त्यांची मुलगी आचल जन्मली, चालू लागली, तोवर याला काही आठवलं नाही. या जानेवारीत रंभा मच्छीमार संस्थेची अध्यक्ष झाली, याचं पॅनल पडलं, आणि मार्चमध्ये याला आपली बायको आठवली! बाईच्या हातात तलाव गेला की पुरुषाला कायदा सुचतो.

पण भिऊ नको. काडीमोडीच्या दिवशी मी झोपलो नव्हतो. सोबत स्टॅम्प पेपर पाठवतो. शब्द न् शब्द माझा, दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. डोमाच्या वकिलाची नोटीस आली होती तिलाही मीच ठणकावून लिहिलं आहे की, घटस्फोट नोटरीसमोर कायदेशीर कागदावर झाला, रूढीबिढीशी आमचा संबंध नाही. हा कागद कोर्टासमोर ठेव आणि पहिल्याच तारखेला मावशीला घरी घेऊन ये.

कळावे. माया आहेच, फक्त उत्तर वकिलासारखं नको, भाचीसारखं धाड.

तुझा मामा,
गुणवंतराव


चंद्रपूर
१९ जुलै २०२४

ती. मामाजींस,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

भाचीसारखंच लिहिते, म्हणून आधी विनंती: हे पत्र बसून वाचा.

तुमचा कागद मी आणि आमचे वरिष्ठ बापूराव साहेब, दोघांनी वाचला. साहेब म्हणाले की इतकं सुंदर मराठी त्यांनी स्टॅम्प पेपरवर कधी पाहिलं नाही. पण मामाजी, त्या कागदानं घटस्फोट होत नाही. नोटरी एवढंच सांगतो की सही करणारी माणसं त्याच्यासमोर होती. लग्न मोडण्याची ताकद त्याच्या शिक्क्यात नाही. दर महिन्याला कुणीतरी असा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणतं आणि आम्हाला त्यांना हेच सांगावं लागतं. लग्न कोर्टाच्या हुकुमानं मोडतं.

याला एकच अपवाद आहे. हिंदू विवाह कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात लिहिलं आहे की, एखाद्या समाजात रूढीनं काडीमोड होत असेल, तर तो हक्क हा कायदा काढून घेत नाही. कॉलेजात मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. परवा पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले. दिल्लीत बसून देशाचा कायदा लिहिणाऱ्यांनी तलावाकाठच्या पंचांसाठी दार उघडं ठेवलं होतं, आणि आपल्याला त्या दाराची खबरच नव्हती.

पण त्या दारातून जायला पुरावा लागतो. रूढी जुनी हवी, मध्ये न तुटलेली हवी, सगळ्यांनी पाळलेली हवी, आणि हे सगळं आपणच दाखवायचं. फौजदारीत आरोपीवर तेवढा बोजा नसतो. आपलं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त आहे, इतकं न्यायाधीशांना पटलं तरी पुरे. अडचण अशी की, रूढीशी आमचा संबंध नाही, असं तुम्ही स्वतःच्या सहीनं लिहून बसला आहात.

साहेब दुसरी वाट सांगतात. दुसरं लग्न पूर्ण विधीनं लागलं, हे डोमाला सिद्ध करावं लागतं. पाट अंगणात लागला, ना भटजी ना फोटो. मावशीनं एवढंच म्हणायचं की आमचं लग्न लागलंच नाही, आम्ही नुसते एकत्र राहतो. खटला तिथंच पडेल. वाट सोपी आहे. आचलची काळजी नको. आईबापाचं लग्न उद्या रद्द ठरलं तरी कायदा मुलाला औरसच मानतो.

मावशीला विचारून कळवा. आणि हेही लिहा: त्या दिवशी तलावावर कागदाखेरीज काय काय झालं? काही गाळू नका.

लोभ आहेच, तो कोर्टाच्या तारखेसारखा पुढे ढकलू नये.

तुमची,
दिव्यानी


मुलचेरा
२ ऑगस्ट २०२४

चि. दिव्यानीस,
आशीर्वाद.

बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग परसात जाऊन उभा राहिलो.

तुझी आई लवकर गेली आणि तू माझ्याकडे शाळेला राहिलीस, म्हणून तुला ढिवरटोलीतल्या चाली ठाऊक नाहीत. त्या मीच तुझ्यापासून दूर ठेवल्या. आता ऐक. आपल्याकडे नवी सून घरात आली की पहिल्या आठवड्यात ती सासरच्या जाळ्याच्या काठाला स्वतःच्या हातानं एक ओळ विणते. तिला सुनेची ओळ म्हणतात. जाळं जुनं झालं तरी ती ओळ सोडवून नव्या जाळ्याला जोडतात. काडीमोड ठरली की नवरा पंचांसमोर, तलावाच्या पाळीवर म्हणजे बांधावर, ती ओळ कापतो आणि बाईच्या ओंजळीत देतो. त्या घराच्या जाळ्यात तिचं काही उरलं नाही. ती मोकळी. बाई ती ओळ जन्मभर जपते.

त्या दिवशी डोमानं रंभाची ओळ कापली. साऱ्या टोलीनं पाहिलं. निळा नायलॉन होता. तिनं ती पदरात घेतली. आणि मी, गावोगाव अंधश्रद्धेवर भाषणं देणारा मी, घरी आल्यावर ती तिच्या हातातून ओढली आणि चुलीत टाकली. तिला सांगितलं की तुझी मुक्ती या चिंधीत नाही, या कागदात आहे. शहाणी असशील तर जाळ्याचं नावही काढू नको, लोक हसतील.

नायलॉनचा वास घरात बराच वेळ राहिला.

ज्याला कायदा मानतो ते मी जाळलं, आणि ज्याला कायदा विचारत नाही ते जपून ठेवलं. आता तू जे म्हणशील ते करतो. तोवर रंभालाच लिहितो, ती काय म्हणते ते कळवीन.

तुझ्यापुढे कमी पडलेला,
मामा


ढिवरटोली
२५ ऑगस्ट २०२४

भाऊले रंभाचा नमस्कार.
तुमचं पत्र भेटलं. वहिनीचे गुडघे कसे हायेत? तिले म्हणा, ओल्यात बसून नको राहू.

इथी तलाव भरला. बी चांगलं टिकलं. बगळ्याईचा लय तरास हाये, गोपाल दिवसभर काठी घेऊन फिरते. आचल त्याच्या मागं मागं आणि बगळ्याईले मास्तरासारखी दम देते. कोणावर गेली ते मी सांगत नाई.

भाऊ, तुमी लिहिलं का दिव्यानीचे मोठे वकील म्हणतात, लग्न लागलंच नाई म्हणून सांग. मी गोपालले विचारलं. तो म्हणे, तुले जेल होत असन तर म्हणून टाक, माह्या मनात काही येणार नाई. मंग तो जाळं घेऊन गेला आणि संध्याकाळवरी घरी आला नाई. मले उत्तर तिथीच भेटलं.

मी नाई म्हणणार. त्या माणसाच्या जाळ्यात माही ओळ हाये. मी विणली हाये ते. कोर्टात उभी राहून मी ते ओळ खोटी हाये म्हटलं, तर डोमात अन् माह्यात फरक काय राह्यला? तो म्हणते, कापली नाई. मी म्हणू, विणली नाई? मंग आमच्या टोलीतल्या साऱ्या बाया कोण झाल्या? कायदा पोरीले नाव देईन म्हणते, ते ठीक हाये. पण मी तिले काय सांगू, तिची माय कोण होती म्हणून?

सात वर्ष म्हणजे आचल शाळेची अर्धी होऊन जाईन. हे मले मोजता येते. तरी नाई.

तुमी जाळल्याचं मनाले लावून घेऊ नका. तवा राग आला होता. आता नाई. आणखी एक गोष्ट मले माहीत हाये, ते सांगतलं तर केस सुटन असं वाटते. पण ते दुसऱ्या बाईची हाये, माही नाई. म्हणून विचारू पण नका.

वहिनीले नमस्कार. बहिणीले इसरू नका, येतानी संत्र्याच्या बर्फीचा डबा आणा.

रंभा


चंद्रपूर
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मामाजींस,
सा. न. वि. वि.

मावशीचं पत्र तुम्ही पाठवलंत, ते मी साहेबांना वाचून दाखवलं. तीस वर्षं फौजदारी केलेला माणूस चष्मा पुसत राहिला. मग म्हणाले की अशीलच वाट ठरवून आली आहे, आपण फक्त सोबत चालायचं.

डोमाची साक्ष झाली. अशी ओळ विणायचा, कापायचा रिवाज टोलीत कधी नव्हताच, त्यानं काही कापलं नाही, असं तो शपथेवर म्हणाला. साहेबांनी उलटतपासात घुमवून घुमवून विचारलं. तो जमिनीकडे पाहून तेच सांगत राहिला. त्याच्याकडे बघून मला राग यायला हवा होता. मला तो सभेत हरून घरी आलेल्या माणसासारखा दिसला. न्यायाधीशांनी आरोप ठेवला. आता आपले साक्षीदार.

पण जे सांगायला हे पत्र लिहिते ते निराळंच. मी टोलीत चार रविवार घालवले. पहिल्या रविवारी सगळ्या बायांनी चहा पाजला आणि रिवाजाबद्दल काही माहीत नाही म्हणाल्या. कोर्टातली माणसं हसतील, ही भीती. (ती कुणाची शिकवण, ते मी लिहीत नाही.) दुसऱ्या रविवारी मावशी माझ्यासोबत आली आणि ओट्यावर जाळं विणत बसली. तेव्हा सत्यशीलाबाई उठल्या, आत गेल्या, आणि पेटीच्या तळातून लुगड्यात गुंडाळलेली जाळ्याची ओळ घेऊन आल्या. पांढरा नायलॉन. १९९१ साली त्यांना काडीमोड मिळाली होती. मग अंजनाबाईंनी त्यांच्या आईची आणली. ती सुती आहे, ऐनाच्या सालीच्या रसात रंगवलेली, तांबूस. नायलॉन यायच्या आधी जाळी अशीच रंगवत. आणि तिच्याखाली आणखी एक होती, त्यांच्या आजीची. सनाची, म्हणजे तागासारख्या धाग्याची, हातानं वळलेली, बोट लावलं तरी भुगा होईल अशी.

मामाजी, रूढी जुनी आहे हे दाखवा, असं कायदा म्हणतो. मी जुने कागद शोधत फिरत होते. आणि इथं सन, सूत, नायलॉन, शंभर वर्षं एका चटईवर ओळीनं मांडली होती. त्या बायांना लिहिता येत नव्हतं, पण प्रत्येकीनं आपल्या मोकळेपणाचा दस्तऐवज जपला होता. मी कितीतरी वेळ हात जोडून बसले होते, हे मला नंतर मावशीनं सांगितलं.

दोघी साक्ष देतील. पण साहेब म्हणतात की यातून रिवाज दिसेल, मावशीची ओळ कापली हे दिसणार नाही. जुने पंच दोघं वारले, तिसरा डोमाच्या पॅनलचा. डोमाच्या घरातून कुणी बोलणार नाही. म्हणून तुम्ही या. ती ओळ तुम्ही पाहिली आणि तुम्ही जाळली, एवढंच सांगायला. विरुद्ध वकील नोटिशीला दिलेलं तुमचं उत्तर तुमच्याच तोंडावर मारतील. भाषण करायचं नाही. हो किंवा नाही.

मामींना नमस्कार. लोभ वाढता ठेवा, आवाज नको.

तुमची,
दिव्यानी


चंद्रपूर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. मामाजींस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. मावशी निर्दोष सुटली.

हे फोनवर तुम्हाला कळलंच आहे, आणि तुम्ही फोनवर रडलात ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पण पूर्ण गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. निकालाआधी सांगितली असती तर तुम्ही चौकात सभा घेतली असती.

जुलैत तुमची साक्ष झाली. विरुद्ध वकिलांनी तुमचं पत्र दाखवून विचारलं की रूढीशी संबंध नाही हे तुम्हीच लिहिलं ना. तुम्ही हो म्हणालात. बहिणीची ओळ तुम्ही स्वतः जाळली का. हो. म्हणजे आज दाखवायला काही नाही. हो. तुम्हाला इतकं थोडं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या तीन शब्दांत जेवढं खरेपण होतं तेवढं तुमच्या एकाही भाषणात ऐकलं नाही. पण तुम्ही मावशीचे भाऊ. भावाच्या शब्दावर कोर्ट किती विसंबणार, ही धास्ती राहिलीच.

सप्टेंबरच्या तारखेच्या आदल्या दुपारी माझ्या टेबलासमोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. एकटी, एसटीनं आलेली, हातात कापडी पिशवी. म्हणाली की ती चंदाबाई, डोमाची आई.

तिनं पिशवीतून एक ओळ काढली. सुती, तांबूस. मला वाटलं टोलीतल्या आणखी कुणाची. ती तिची स्वतःची होती. डोमाच्या बापाशी पाट लागायच्या आधी चंदाबाईचं वैनगंगेपलीकडच्या गावात लग्न झालं होतं. तिथं काडीमोड झाली, ओळ कापली गेली, मग ती ढिवरटोलीत आली. हे तिनं मुलांना कधी सांगितलं नव्हतं. आयुष्यात एकाच व्यक्तीला सांगितलं होतं: ज्या दिवशी रंभाची ओळ कापली गेली, त्या दिवशी पाळीवर, रडणाऱ्या सुनेला.

मावशी जे तोंडातून काढायला तयार नव्हती, ते हे होतं. मी तिला बोलावलं. ती सासूला जाऊ दे जाऊ दे म्हणत राहिली. म्हणाली की म्हातारपणी तुमी पोराच्या नजरेतून उतराल, मी जेलात जाईन पण हे नको. तिला सासूनं इतकंच सुनावलं की, ओळ माही हाये पोट्टे, तू काऊन राखण करून राह्यली? मी दोघींना पाहत होते. लग्न मोडलेलं, घर मोडलेलं, खटला उभा, आणि या दोघी एकमेकींना वाचवायला भांडत होत्या. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात या नात्याला नाव नाही.

मी वकील म्हणून तिला सावध केलं. जाहीर विचारतील, टाकून बोलतील. ती म्हणाली की विचारू दे, कोणी विचारलंच नाई म्हणून तं इतके वर्ष गेले.

दुसऱ्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. डोमा मागच्या बाकावर. तिनं सांगितलं की तिनं रंभाची ओळ कापताना पाहिली, निळी होती, आणि विळा तिनंच डोमाच्या हातात दिला. मग आपली ओळ पुढे केली. गाव सांगितलं, साल सांगितलं. विरुद्ध वकिलांनी विचारलं की ही चिंधी म्हणजे घटस्फोट, असं तुम्हाला म्हणायचं आहे का. चंदाबाईनं त्यांना उत्तर दिलं नाही. ती मागे वळली आणि मुलाकडे पाहून म्हणाली की हे चिंधी असन, तर तुह्या बापाच्या घरी मी कोण होती ते तूच साहेबाले सांग.

न्यायाधीशांनी साक्षीदाराला समोर बघायला सांगितलं नाही. डोमा उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. त्याच्या वकिलांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

त्या दिवशी बाहेर पडताना डोमानं आईची पिशवी हातात घेतली. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण पिशवी तिनं दिली.

निकालात लिहिलं आहे की ढिवरटोलीत ओळ कापून काडीमोड होण्याची रूढी जुनी आणि अखंड असल्याचं साक्षीपुराव्यावरून संभवनीय दिसतं. मावशीनं मला ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. हा फौजदारी निकाल आहे. लग्न मोडलं होतं हे कायमचं ठरवायला आपण दिवाणी कोर्टात वेगळा दावा लावणार आहोत, म्हणजे उद्या कुणाला काही आठवायला नको. डोमा त्यात हरकत घेणार नाही, असं त्यानं निरोपानं कळवलं आहे.

अपिलाची मुदत संपली की कोर्टात जमा केलेल्या ओळी परत मिळतील. चंदाबाईनं सांगून ठेवलं आहे की तिची रंभाला द्यायची. जळालेलीच्या जागी.

मी वकील झाले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की मोठ्या न्यायासाठी मोठा आवाज लागतो. मामाजी, मला आता तसं वाटत नाही. रागवाल तर रागवा, पण पत्रातच.

तुमची,
दिव्यानी


ढिवरटोली
३० नोव्हेंबर २०२५

चि. दिव्यानीस,
अनेक आशीर्वाद.

पत्त्याकडे बघ. आठ दिवस झाले, मी रंभाकडे आहे. संत्र्याच्या बर्फीचा डबा घेऊन आलो, तो आचलनं आणि बगळ्यांनी संपवला.

तुझ्या पत्रावर रागावलो नाही. भाषणाला बोलावणं आलं होतं, नको म्हणालो. काय बोलणार? पन्नास वर्षं मी या बायांना जागं करायला गावोगाव फिरलो, आणि त्या माझ्याच अंगणात पेटीच्या तळाशी कायदा जपून बसल्या होत्या. मी अजूनही अंधश्रद्धेचा वैरी आहे, ते मरेपर्यंत राहीन. पण आता कुठल्याही चालीला हात लावायच्या आधी तिच्या बाईला विचारतो की बाई, यानं तुझं काय राखलं?

डोमा काल पाळीवर भेटला. मी थांबलो, तोही थांबला. त्याच्या खांद्यावर जाळं होतं आणि काठाला निळा तुटका भाग तसाच होता, नवं सूत न भरलेला. सहा-सात वर्षं तो तेच जाळं टाकत होता, दिव्यानी. शपथेवर खोटं बोलला, पण ती जागा बुजवायला त्याचा हात धजला नाही. मला त्याची कीव आली.

रंभानं माझ्या हाती बांबूची सुई दिली आहे. आल्याच्या दिवशी मी तिला विचारलं की जाळलं त्याची भरपाई काय करू. ती म्हणाली की भाऊ, विणून बघा म्हणजे समजन किती वेळ लागते. रोज सकाळी चंदाबाई येऊन समोर बसते आणि माझ्या गाठी सोडते. आठ दिवसांत अर्धी वीत झाली आहे. आज जाळ्याची सात घरं विणली, पाच सुटली. बोटं सुजली आहेत, म्हणून अक्षर असं.

दोन टिकली.

मामावर माया असू दे, आणि तुझ्या साहेबांना विचार, असल्या अर्ध्या वितीचं कोर्टात काही वजन असतं का.

तुझा मामा,
गुणवंतराव